दोरीच्या अलीकडे

जुन्या मालिकेच्या पाचव्या भागातली सून पाणवठ्यावर येऊन रडायला लागली, कॅमेरा तिला सोडून उगाच डावीकडे सरकला, आणि पुष्पाच्या हातातला रिमोट तसाच राहिला. पडद्यावर एक देऊळ होतं. बुटकं, दगडी, शिखराला चुना फासलेलं, पुढे दोन दीपमाळा आणि त्यातली उजवीकडची वरून मोडलेली. तिने चित्र थांबवलं. हे भैरवनाथाचं देऊळ ती ओळखत होती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की ते चिखलातून वर यायचं आणि वडिलांबरोबर ती ते बघायला जायची. पण तेव्हा त्याच्या अंगावर वाळलेलं शेवाळ असायचं, भोवती भेगाळलेला गाळ. इथे त्याच्या पायरीवर कोंबड्या होत्या. कठड्यावर कुणाचं तरी धोतर वाळत होतं. पाण्याखाली गेलेलं आपलं गाव असं भर दुपारी जुन्नरच्या खोलीत, कपाटावरच्या टीव्हीत कोरडंठाक उभं राहिलेलं बघून तिला आधी कसलाच आनंद झाला नाही. खाटेवर लसूण सोलत बसलेल्या घरमालकीण जोहराबीने विचारलं, काय गं, बंद पडला का? पुष्पाने मान हलवली आणि चित्र पुन्हा सुरू केलं. तेव्हा ती बाई आली.

पुष्पा जुन्या मालिका आणि जुने सिनेमे घरी बसून बघायची आणि त्यांच्यावर लिहायची. मुलींच्या शाळेत मराठी शिकवता शिकवता तिचा घसा गेला होता. आवाज आधी फाटला, मग बसला, मग डॉक्टरांनी बोलणं कमी करा म्हटलं, आणि ज्या बाईचा सगळा दिवस बोलण्यात जायचा तिला नोकरी सोडून घरी बसावं लागलं. मग हे सुरू झालं. कोणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून यूट्यूबवर टाकलेले भाग, रेघा पडलेले, कडा खाल्लेले. ती ते बघायची आणि फेसबुकवरच्या एका गटात त्यांचं परीक्षण लिहायची. तिच्या लिहिण्यात मीपणा नसायचा. आमच्या लहानपणी असं म्हणून गळा काढणाऱ्यांचा तिला राग यायचा. प्रसंग नीट बांधलाय का, नट ऐकतोय की नुसती आपल्या वाक्याची वाट बघतोय, कॅमेऱ्याला काही सांगायचंय का, एवढंच ती बघायची. लोक तिला मास्तरीणबाई म्हणायचे आणि तिने एखाद्या लाडक्या मालिकेला नावं ठेवली की चिडायचे. या मालिकेलाही ती नावंच ठेवणार होती. सून रडताना केस विस्कटू देत नव्हती. सासरा नाटकातल्यासारखा प्रेक्षकांकडे तोंड करून बोलत होता. गाव तर नुसतं पाठीमागे टांगलेल्या पडद्यासारखं वापरलं होतं, त्यातल्या माणसांशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

आणि त्या गावातूनच ती बाई चालत आली. डोक्यावर घागर, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, पायऱ्या उतरताना डावा पाय किंचित बाहेर टाकत. सुनेच्या मागून ती जायला लागली, आणि जाता जाता तिने मान वळवून सरळ समोर बघितलं. सरळ पुष्पाकडे. डोळ्यांत काहीतरी लकाकलं, पदराचं टोक तिने दातांत धरलं, आणि ती चौकटीबाहेर गेली. झालं एवढंच. दुसरी कुठली मालिका असती तर पुष्पाने लिहिलं असतं की गर्दीतल्या नवख्या बाईने कॅमेऱ्यात बघितलं, हा तुकडा कापायला हवा होता. पण तिने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला, आणि पुन्हा. डावा पाय बाहेर. आत्या म्हणायची, तुझी आय चालताना डावा पाय जरा भायेर टाकायची, लांबनं वळखू यायची. आईबद्दल पुष्पाला मिळालेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक. दुसरी म्हणजे ती रागीट नव्हती. तिसरी, तिला गवार आवडायची नाही. आईचा फोटो नव्हता. धाकट्या भावाच्या, सुदर्शनच्या जन्माच्या वेळी ती गेली तेव्हा पुष्पा इतकी लहान होती की तिला आठवत होता फक्त एक ओला, धुराचा वास, आणि तोही आईचा होता की चुलीचा हे सांगता आलं नसतं. दादा, म्हणजे त्यांचे वडील सोमाजी, आईविषयी बोलत नसत. विचारलं तर मेंढरांकडे जात.

जोहराबी खाट सोडून टीव्हीपाशी आली. चष्मा कपाळावर सरकवून तिने थांबलेल्या चित्रातल्या बाईकडे बघितलं, मग पुष्पाकडे, मग पुन्हा तिकडे. "तुझंच तोंड हाय हे, पुष्पा," ती म्हणाली. "जरा सावळं, एवढंच." जोहराबीचं म्हणणं पुष्पा सहसा उडवून लावत नसे. याच घरात, याच खोलीत, तिने आयुष्यातला पहिला टीव्ही बघितला होता. गाव उठलं तेव्हा दादांनी तिला शिकायला जुन्नरला ठेवलं होतं आणि रविवारी संध्याकाळी वसतिगृहातल्या मुली गल्लीतल्या या बांगडीवाल्यांच्या खिडकीला लटकायच्या. जोहराबीचा नवरा चांदभाई कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि वरून विचारायचा, आलं का, आलं का, आणि खिडकीतल्या सगळ्या मुली एका सुरात सांगायच्या, गेलं, आलं, परत गेलं. सिनेमा सुरू झाला की जोहराबी दार उघडून मुलींना आत घ्यायची. काचेच्या बांगड्यांच्या खोक्यांना टेकून, भुईमुगाच्या शेंगा खात बघितलेले ते सिनेमे. मुंग्या मुंग्या आलेल्या पडद्यावर नायिका कोणती आणि तिची मैत्रीण कोणती हे कपड्यांवरून ठरवायचं. तिथेच पुष्पाला सवय लागली बघण्याची. पडद्यावरच्या आया ती फार निरखून बघायची. त्या मुलांच्या डोक्यावरून हात कसा फिरवतात, जेवायला वाढताना कशा वाकतात. कुठली आई खरी वाटते आणि कुठली नुसती आईचं काम करते. परीक्षण म्हणतात ते तिने तिथेच, न लिहिता, सुरू केलं होतं. आता चांदभाई नव्हता, बांगड्यांचं दुकान नव्हतं, वरची खोली पुष्पाने भाड्याने घेतली होती, टीव्हीपुरती ती खाली यायची, आणि जोहराबी म्हणत होती, हे तुझंच तोंड आहे.

पुष्पाने टीव्हीवरच्या त्या चित्राचा मोबाईलवर फोटो काढला आणि सुदर्शनला पाठवला. खाली फक्त लिहिलं, जुनं गाव, आणि बघ ही बाई कोण वाटते. सुदर्शनचं आळेफाट्याला ट्रकचं गॅरेज होतं. दुपारच्या वेळी तो फोन घेत नसे. त्या दिवशी त्याचाच फोन आला. मागे कसलंतरी इंजिन धडधडत होतं. मग म्हणाला, ताई, आपली चिंगी हसली की अशीच दिसते ना. चिंगी म्हणजे त्याची मुलगी. पुष्पाने हो म्हटलं. तिला तेव्हा जाणवलं की तो रडतोय, आणि आपला भाऊ रडताना कसा असतो हे आपल्याला माहीत नाही. आपल्या जन्मामुळे आई गेली हे त्याला कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण वाढदिवस म्हटला की तो गॅरेजमध्ये गाडीखाली जाऊन झोपायचा, आणि लग्न झाल्यावरही त्याने बायकोला केक आणू दिला नव्हता. त्या संध्याकाळी पुष्पाने परीक्षण लिहिलं. मालिका वाईट आहे हे लिहिलं, सून, सासरा, कॅमेरा, सगळं. आणि मग शेवटी, पहिल्यांदाच, तिने मी हा शब्द वापरला. पाणवठ्यावरून जाणारी बाई माझी आई आहे, या मालिकेत तेवढंच खरं आहे, असं लिहिलं आणि टाकून दिलं. सकाळपर्यंत लोकांनी ते कुठल्या कुठे पोचवलं होतं. आयुष्यात न भेटलेली माणसं तिला आईच्या डोळ्यांबद्दल लिहीत होती.

सुदर्शनने फोटो मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्याने रेघा पुसल्या, गालाला थोडा रंग भरला, आणि चंदनी रंगाच्या चौकटीत बसवून दिला. पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी जवळ आली होती. आईचं पान त्याच दिवशी वाढलं जायचं. दरवर्षी त्या पानासमोर भिंत असायची. यंदा तिथे आई असेल, दादांना तोवर काही सांगायचं नाही, तिथेच दाखवू, असं त्याने ठरवलं. पुष्पा हो म्हणाली, पण हो म्हणताना तिला बरं वाटलं नाही. ती रोज दुपारी तो तुकडा लावत होती आणि रोज त्यातली बाई थोडी थोडी लांब जात होती. बघून बघून तिच्या डोळ्यांचा नुसता प्रकाश उरला होता. कधी वाटायचं, ही आपल्याकडे बघून हसू दाबतेय. कधी वाटायचं, हिला काहीतरी दुखतंय. दुसऱ्या कुणी असं बघितलं असतं तर तिने त्याची खिल्ली उडवली असती. तुम्हाला हवं ते तुम्ही त्या चेहऱ्यात घातलंत, असं सुनावलं असतं. आणि समजा घातलंच असेल तर? ज्या माणसाने तो चेहरा खरोखर बघितला होता तो घोडेगावजवळच्या नव्या गावठाणात पत्र्याच्या घरात बसला होता, आणि त्यालाच आपण विचारलं नव्हतं. मुद्दाम विचारलं नव्हतं, हेही तिला कळत होतं. नवमीच्या आदल्या आठवड्यात ती घोडेगावच्या एसटीत बसली. सुदर्शनला सांगितलं नाही. गाडी डोंगराच्या कडेकडेने जात होती, टोमॅटोचे मांडव, कांद्याच्या चाळी, मध्येच ओल्या मेंढरांचा वास, आणि मांडीवरच्या पिशवीत जोहराबीच्या नातीने, सफाने, तिला दिलेला मोठ्या पडद्याचा टॅब. दादांना फोनवर दिसणार नाही म्हणून आणलेला.

दादा ओट्यावर बसून घोंगडीची दशी गाठत होते. तिने त्यांना चहा करून दिला, प्रकृतीचं विचारलं, आणि मग टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. देऊळ आल्याबरोबर दादांनी हातातली दशी सोडली. तोंडाने काहीतरी पुटपुटले. मग बोट लावून एकेक घर सांगायला लागले. हे गेणभाऊचं. ही त्याची गाय, ही मारकी होती. हा आपला चिंचेचा फाटा, घर दिसत नाही, ते या अंगाला राहिलं. इतकं सलग बोलताना पुष्पाने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आणि मग ती बाई पायऱ्या उतरायला लागली. बाईने समोर बघितलं, पदर दातांत धरला. दादा हसले.

"साळुबाई," ते म्हणाले. "चिमाजीची. लई वर्सांनी दिसली."

कुणाचीतरी कोंबडी ओट्यावर चढली होती, ती पुष्पाने हाताने हाकलली. मग तिने तुकडा मागे नेला आणि बसक्या आवाजात म्हणाली, दादा, नीट बघा, पाय बघा तिचा, आत्या सांगायची. दादांनी पुन्हा बघितलं. त्या उताराला समद्याच बाया तशा चालायच्या, ते म्हणाले, पायरी मोडल्याली व्हती डाव्या अंगाची. मग त्यांनी लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. टॅबच्या कडेवर त्यांचा अंगठा नुसताच फिरत राहिला. पुष्पाला वाटलं, आता ते उठतील आणि मेंढरांकडे जातील. पण आता मेंढरं नव्हती. होती ती त्यांनी कधीच विकून टाकली होती.

"तुजी आय न्हाई ही, पुष्पे."

"मग आई कुठं होती?"

"हिकडं व्हती की," दादा म्हणाले, आणि त्यांनी पडद्यात बोट दाखवलं नाही. पडद्याच्या अलीकडे, ती दोघं बसली होती तिथे, हवेत दाखवलं. "शूटिंगवाल्यांनी दोरी धरली व्हती. गावानं दोरीच्या हिकडं ऱ्हायाचं. ह्यो त्यांचा क्यामेरा, आन त्याला खेटून तुजी आय. समद्यांच्या फुडं. तू कडंवर. मी मागं. ती म्हनली, मला बगायचंय."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं, थांबत थांबत. ती रडणारी नटी घागर घेऊन आली, पण घागर रिकामी होती. बायांना लगेच कळलं. भरलेल्या घागरीखाली मान अशी राहत नाही. तुझ्या आईला ते बघवेना. सकाळपासून ती चुकाच काढत होती, हळूच, मला सांगत होती, ही चूल अशी फुंकतात का, ही बाई सासऱ्यासमोर अशी बसती का. मी गप म्हणायचो. साळुबाईला त्यांनी मागून जायला सांगितलं होतं, तिची मात्र घागर भरलेली. ती उतरायला लागली तशी तुझ्या आईने इथून हाक मारली. साळे, तुजी तरी भरल्याली हाय का. सगळं गाव हसलं. साळुबाईला हसू आवरेना, तिने पदर दातांत धरला. शूटिंगवाला धावत आला, कोण बोललं म्हणून ओरडला. कुणीच नाव सांगितलं नाही. तू तेवढी त्याला बघून भोकाड पसरलंस.

पुष्पाने आवाज वाढवून तो तुकडा पुन्हा लावला. त्यावर सारंगीचा सूर घातला होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, करुण. गावाचा आवाज सगळा काढून टाकलेला. सारंगीच्या खाली कुठे काही सापडतंय का हे ती कान देऊन ऐकत राहिली आणि तिथे काही नव्हतं. पण साळुबाईने मान वळवली, आणि पुष्पाला पहिल्यांदा कळलं की ही बाई कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला बघतेय. तिथे आई आहे. आई नुकतीच बोललीये आणि अजून हसतेय, तिच्या कडेवर मी आहे, आणि साळुबाई आम्हा दोघींना बघतेय. हे देऊळ, हे धोतर, ही खोटी रडणारी सून, हे सगळं आईने इथूनच बघितलं, असंच, चुका काढत. तिला एकदम खूप जागा मिळाल्यासारखं वाटलं, छातीत, आणि त्याच वेळी सुदर्शनची आठवण होऊन ती दचकली. तिच्या हातात निदान ही जागा आली होती. त्याच्या हातातला चेहरा जाणार होता. ती आई कडेवर एका पोरीला घेऊन होती आणि तो अजून झालेलाच नव्हता.

एसटीतून येताना तिने ठरवलं होतं की त्याला सांगायचं नाही. लोकांना खरं लिहीन, त्याला नको. घरी आल्यावर तिने ते जोहराबीला बोलून दाखवलं. जोहराबीने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली की दुसऱ्याच्या बाईसमोर आईचं पान वाढायचं का, हे त्याचं त्याला ठरवू दे. पुष्पा नवमीच्या सकाळी लवकर आळेफाट्याला गेली. गॅरेजच्या मागच्या खोलीत चौकट भिंतीवर लागलेली होती, हार अजून पाटीत होता. सुदर्शन अंघोळ करून, कोरा सदरा घालून, खिळा नीट बसलाय का बघत होता. तिने त्याला खुर्चीत बसवून सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदा फक्त विचारलं, दादांना नक्की दिसतं का गं. नक्की दिसतं, ती म्हणाली. तो उठून बाहेर गेला. हवेच्या कॉम्प्रेसरचा आवाज सुरू झाला, कुठलीच गाडी आत नसताना, आणि बराच वेळ चालू राहिला. त्याची बायको स्वयंपाकघरातून बघत होती. पुष्पाला वाटलं, आपण एका माणसाची आई दुसऱ्यांदा नेली.

दादा आले तेव्हा चौकट भिंतीवरच होती. काढायची की ठेवायची हे कुणी ठरवलं नव्हतं. दादांनी तिच्यासमोर उभं राहून गालाचा तो भरलेला रंग बघितला, साळुबाई एवढी गोरी नव्हती म्हणाले. मग खाली बसले. पान वाढलं होतं, वरण, भात, अळूची भाजी, वडे. सुदर्शन दारातच उभा होता, आत येत नव्हता. पुष्पा त्याला म्हणाली, चौकट उतरवून ठेवते. त्याने तिच्याकडे बघितलंच नाही, तो वडिलांशी बोलला.

"दादा, ही कुणाकडं बघून हसती?"

"तुज्या आयकडं."

"ती पण हसत व्हती?"

"लई."

"कशी हसायची?"

दादांनी मान खाली घातली. खोलीत सगळ्यांना वाटलं, झालं, आता हा माणूस उठणार. बाहेर नाशिककडे जाणारा एक ट्रक गिअर बदलत वळला. दादांनी पानासमोरचं पाणी जरा सरकवलं, घसा खाकरला, आणि त्यांनी ते करून बघितलं. पहिल्यांदा नुसता श्वास निघाला. ते थांबले, डोळे बारीक केले, कुठेतरी बघितलं, आणि पुन्हा सुरू केलं, या वेळी वरच्या पट्टीत, आधी दोन आखूड धक्के, मग नाकातून आत ओढलेली हवा, आणि मग एकदम सुटलेलं, मोठं, गावभर ऐकू जाईल असं. सुकलेल्या, दात नसलेल्या त्या तोंडातून एक तरणी बाई हसली. सुदर्शन आत आला आणि भिंतीला पाठ लावून बापासमोर मांडी घालून बसला.

"परत," तो म्हणाला.